जमिनीचे निष्क्रिय खाते

२६ जानेवारी २००१. लालबागच्या आमच्या शाखेत झेंडावंदन आटोपून आम्ही चहा घेत होतो. पावणेनऊच्या सुमारास कपातला चहा आपसूक हिंदकळला आणि बंद पंखे डुलू लागले. "साहेब, बाहेर चला!" शिपाई ओरडला. दुपारी कळले, हादरा सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या कच्छचा होता. तिथे गावेच्या गावे भुईसपाट झाली होती. १९६७ साली कोयनेच्या भूकंपाने आमची गिरगावची चाळ कुरकुरली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. शेषाने फणा हलवला, एवढ्या आजीच्या खुलाशावर तेव्हा भागले. या वेळी भागेना. निवृत्तीनंतर भूशास्त्राची पुस्तके उघडली ती त्यामुळे.

डायनॉसोरांच्या काळात भारत आणि आफ्रिका एकाच महाखंडात होते. तो महाखंड फुटू लागला तेव्हा कच्छची जमीन दोन्ही बाजूंनी ओढली गेली. वरचा खडक थंड, ठिसूळ. ओढला की तो कणकेसारखा लांबत नाही, चिरतो. तिरक्या चिरांवरून मोठमोठे तुकडे खाली घसरले, त्या खोलगटात समुद्र शिरला, गाळ साचला. गाळाच्या वजनाने तळ आणखी खचला, की पुन्हा गाळाला जागा! ओढ थांबल्यावरही खालचा तापलेला खडक निवत, आकसत गेला आणि खोरे सावकाश खचतच राहिले. पुढे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, भारत आशियाला भिडला. ओढीच्या जागी रेटा आला. त्याला नव्या चिरा पाडायची गरज नव्हती, जुन्या तयारच होत्या. ज्यांवरून जमीन खाली घसरली, त्यांवरूनच ती आता वर ढकलली जाते. बँकेत निष्क्रिय खाते म्हणजे बंद खाते नव्हे. वीस वर्षांनी वारस पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहिलेला मी पाहिला आहे.

हे कच्छपुरते म्हणून सोडून देता येत नाही. मलबार हिल आणि वरळीच्या टेकड्यांतले खडकांचे थर समुद्राकडे कललेले आहेत. ते लाव्हाच्या काळातले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या मधल्या गाळात चिमुकले बेडूक दगड होऊन बसले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्हाचा तो काळ सरता सरता सेशेल्सचा भूभाग आपल्यापासून तुटून निघाला आणि आपली किनारपट्टी ताणली, चिरली, खचली. १९७४ साली 'सागरसम्राट'ला बॉम्बे हायमध्ये तेल लागले ते याच मोडतोडीमुळे. खचलेल्या खळग्यांतल्या गाळात ते मुरले आणि शेजारच्या उंच राहिलेल्या ठोकळ्यावरच्या चुनखडीत येऊन साठले. आपली स्कूटर त्या भेगांवरच चालत आली म्हणायची.

गेल्या वर्षी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली. दोन तास कार्पेट एरिया आणि पार्किंग. मी विचारले, तीस मजले भूकंपाच्या कोणत्या हिशेबाने उभे करणार? हशा पिकला. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, मुंबईला काय होतंय!" हिशेबाचे कागद मी लेखी मागितले आहेत. तीन स्मरणपत्रे झाली. चौथे उद्या टाकतो आहे.