अर्धशिशीची वही

अर्धशिशी हा शब्द आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणापासून ऐकलेला असेल; आणि ज्या घरांत ती नांदते त्या घरांत तो हलक्या आवाजांत उच्चारला जातो, कारण मोठा आवाज रोग्यास सोसवत नाहीं. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ या नांवानें हाच विकार येतो. तो पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उठतो, असें तेथें म्हटलें आहे. ‘मायग्रेन’ हा शब्दहि ज्या ग्रीक शब्दाचा अपभ्रंश आहे त्याचा अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच होतो. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनीं एका दुखण्यास एकाच अर्थाचें नांव द्यावें, यावरून तें दुखणें किती जुनें व किती खरें आहे हें ध्यानांत येईल. ‘खरें’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे; तो कां, हें पुढें कळेल.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे अर्धशिशी नव्हे. हिचा ठणका बहुधा एका बाजूस असतो, जिना चढल्यानें किंवा वांकल्यानें तो वाढतो, मळमळतें, ओकारी होते, उजेड व आवाज नकोसे होतात. आणि उपाय न केल्यास हें चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतें. कित्येकांस आरंभीं डोळ्यांपुढें चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. ओकारी झाल्यावर बरें वाटतें, म्हणून ‘पित्त डोक्यांत चढलें’ असें आपल्या घरोघर म्हणतात; परंतु मूळ विकार पोटांत नसून मेंदूंत व चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंत आहे, आणि पोट बिचारें त्याच्यामागून फरफटत जातें, असें आजचें शास्त्र सांगतें. या तंतूंतून वेदनेच्या वेळीं कोणतें द्रव्य सुटतें याचा शोध लावणाऱ्या संशोधकांपैकीं लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ व येस ओलेसन या चौघांस २०२१ सालीं डेन्मार्कचें ‘ब्रेन प्राइझ’ मिळालें. हा विकार आनुवंशिक असतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें तिपटीनें आढळतो.

आतां घरची गोष्ट सांगतों. आमची धाकटी सून एका कचेरींत नोकरी करिते. तिला हा विकार लग्नापूर्वीपासूनच आहे. कचेरीच्या दिवशीं तिचें डोकें क्वचितच दुखे. दुखे तें रविवारीं, सणावारीं. आणि गणेशचतुर्थीस तर हटकून. स्वयंपाकघरांत पन्नास मोदक वळावयाचे, आणि हिनें डोक्यास पट्टी बांधून आंतल्या खोलींत अंधार करून पडावें! “काम आलें कीं हिचें डोकें उठतें,” असें थोरली सून एकदां बोलून गेली. आम्ही कांहीं बोललों नाहीं; परंतु मनांत तेंच म्हटलें, आणि तें आमच्या तोंडावर दिसल्यावांचून राहिलें नसेल. छत्तीस वर्षें शाळेंत “गुरुजी, पोट दुखतें” या सबबीवर अविश्वास ठेवण्याची संवय जडलेल्या माणसाकडून दुसरें काय व्हावें?

तीन वर्षांपूर्वीं अशाच एका रविवारीं ती आम्हांस शांतपणें म्हणाली, “मामंजी, मला कामाचा कंटाळा असता तर डोकें कचेरींत दुखवून घेतलें असतें, तेथें पगारी रजा तरी मिळते.”

हें उत्तर तर्कशुद्ध होतें, आणि त्यामुळेंच तें आम्हांस लागलें. सोमवारीं आम्ही एक शंभरपानी वही आणिली.

पहिल्या दोन महिन्यांत त्या वहींत आम्हीं घोडचूक केली, ती सांगितली पाहिजे. कारण अनेक शहाणीं माणसें तीच करितात. ज्या दिवशीं डोकें दुखे त्याच दिवशीं वही उघडावयाची, आणि आदल्या दिवशीं तिनें काय खाल्लें तें विचारून लिहावयाचें, असा आमचा क्रम होता. पांचदां दुखलें, त्यांपैकीं चारदां आदल्या संध्याकाळीं तिनें डब्यांतून गुळाचा खडा काढून खाल्लेला! आम्हांस मोठा आनंद झाला. गूळ बंद केला. तिनेंहि मुकाट्यानें सोडला. दुखणें तसूभरहि कमी झालें नाहीं.

मग आम्हीं आपलें जुनें पाठांतर आठवलें. माधवकरानें निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. यांत ‘निदान’ म्हणजे कारण, आणि ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग प्रकट होण्याआधीं दिसणारी त्याची चाहूल. अर्धशिशीच्या पूर्वरूपांत, ठणका सुरू होण्याच्या कांहीं तास, कधीं एक-दोन दिवस आधीं, जांभया येतात, मान आंखडते, चीडचीड होते, आणि गोड खाण्याची अनिवार इच्छा होते, असें आजचे डॉक्टरहि सांगतात. म्हणजे गुळामुळें डोकें दुखत नव्हतें. डोकें दुखणार होतें म्हणून गूळ खावासा वाटत होता. पाऊस येणार म्हणून मुंग्या अंडीं हलवितात; मुंग्यांमुळें पाऊस पडला असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं बांकावर उभें केलें असतें. येथें मात्र तोच तर्क स्वतः केला आणि शिक्षा सुनेस दिली!

दुसरी चूक याहून सूक्ष्म होती. कार्यकारणभाव ठरविण्यास नैयायिक अन्वय आणि व्यतिरेक अशीं दोन्ही अंगें मागतात: तें असतांना हें होतें, आणि तें नसतांना हें होत नाहीं. आमची वही केवळ दुखण्याच्या दिवशीं उघडत असल्यामुळें तींत व्यतिरेकास जागाच नव्हती. गूळ खाऊनहि डोकें न दुखलेले दिवस किती, हें आम्हीं कधीं लिहिलेंच नव्हतें. तेव्हां नवा नियम केला: वही रोज लिहावयाची, दुखो वा न दुखो, आणि लिहिणार ती स्वतः, आम्ही नव्हे. निजण्याउठण्याची वेळ, प्रत्येक खाण्याची वेळ, पाणी व चहा किती, ऋतुकालाचे दिवस, ऊन, प्रवास, उग्र वास, कामाचा ताण, घेतलेलें औषध, आणि दुखलें असल्यास किती वाजतां व कितपत, एवढेच रकाने. रात्रीं दोन मिनिटें पुरतात.

तीन महिन्यांनीं ती व आम्ही वही घेऊन बसलों. नऊ वेळां डोकें दुखलें होतें. त्यांतील तीन वेळां ऋतुकालाच्या आगेमागें; त्या दिवसांत शरीरांतील एक द्रव्य एकाएकीं उतरतें व त्यामुळें हा विकार चाळवतो, हें प्रसिद्ध आहे. एकदां संकष्टीस, चंद्रोदय उशिरा होता तेव्हां. राहिलेल्या पांचहि वेळां रविवार किंवा सुट्टी. कचेरीच्या दिवशीं ती साडेपांचास उठते, आठास पोळी खाऊन निघते आणि साडेबारास डबा उघडते. रविवारीं आठास उठते, चहा घेते, आणि नंतर... नंतरच्या रकान्यांत अडीच वाजेपर्यंत कांहींच नव्हतें. कां नव्हतें? रविवारीं आमची पूजा सावकाश चाले, नैवेद्य दीडास, मग पुरुषांची पंगत, मग मुलें, आणि सर्वांमागून बायका. चारच्या सुमारास ठणका सुरू.

गणेशचतुर्थीचें कोडेंहि याच वहीनें सोडविलें. आदला दिवस हरतालिकेचा! अन्न नाहीं, पाणी नाहीं, नेहमींचा चहा नाहीं, आणि वर रात्रीचें जागरण. भूक, तहान, चहाचा खंड व निद्रानाश या चौघांचीं नांवें अर्धशिशी चाळविणाऱ्यांच्या यादींत वेगवेगळीं आढळतात. आमच्या घरीं तीं चारीं एका रात्रींत एकत्र येत होतीं. दुसऱ्या दिवशीं मोदक वळतांना ती आडवी झाली, तर तो कामाचा कंटाळा!

कारणें अशीं साचत जातात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकटी भूक किंवा एकटें जागरण पुष्कळदां निभावून जातें. रांजण आधींच काठोकाठ आला असला म्हणजे शेवटच्या तांब्यानें तो वाहतो, आणि आपण दोष त्या तांब्यास देतों. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांतहि या विकाराचीं कारणें सांगतांना रूक्ष अन्न, अति खाणें, वेग अडविणें, श्रम, पूर्वेचा वारा, दंव अशी मोठी माळच दिली आहे. प्रत्येकाची माळ निराळी असते. शेजारणीस उदबत्तीच्या वासानें दुखत असेल, म्हणून तुमच्या घरची उदबत्ती विझविण्याचें कारण नाहीं. स्वतःची वही पाहावी.

यांतील जें आपल्या हातीं आहे तें आम्हीं बदललें. रविवारचा नैवेद्य साडेअकरास होतो, आणि मग घरचीं सर्व माणसें एकत्र जेवतात. देवानें तक्रार केल्याचें आढळलें नाहीं. सून रविवारींहि फार उशिरां उठत नाहीं. वाटल्यास दुपारीं पडते. संकष्टीस ती वेळेवर फराळ करिते. हरतालिकेस पाणी, दूध व फळें घेऊन दहास निजावें, हें तिला थोरल्या सुनेनेंच बजावलें. पुढच्या तीन महिन्यांत नवाचे चार झाले. दुखणें गेलें नाहीं. तें जाणारेंहि नव्हे. परंतु गेल्या गणेशचतुर्थीस तिनें मोदक वळले, आणि थोरलीनें त्यांतला पहिला तिच्या पानांत वाढला.

राहिलेल्या चारांसाठीं डॉक्टर हवेत. त्यांनीं दिलेलें वेदनाशामक ठणका सुरू होतांच घ्यावें. सोसून सोसून उशिरां घेतलेलें औषध कमी लागू पडतें. १९९१ पासून या विकारासाठींच निघालेल्या ‘ट्रिप्टान’ जातीच्या गोळ्या आहेत. मात्र हृदयरोग्यांस त्या वर्ज्य, म्हणून दुकानांतून परस्पर आणूं नयेत. आणि औषधाचा रकाना दर महिन्यास अवश्य मोजावा: साधीं वेदनाशामकें महिन्यांत पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असें कांहीं महिने चाललें तर औषधापासूनच रोजची डोकेदुखी उत्पन्न होते. दुखणें वारंवार येत असेल तर तें येऊंच नये म्हणून रोज घ्यावयाचीं निराळीं औषधें आहेत. अंधारी खोली, कपाळावर गार पाण्याची घडी व झोप यांची योग्यता कमी नाहीं. सुंठीचा लेप ज्यास बरा वाटतो त्यानें लावावा. पहांटे जिलबी-दूध खाण्याचा जुना उपाय कांहींना लागू पडतो तो रिकामें पोट भरल्यामुळें असावा, असा आमचा तर्क आहे. ज्यांस डोळ्यांपुढें रेषा दिसतात अशा स्त्रियांनीं संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीं डॉक्टरांस तें अवश्य सांगावें. कांहीं प्रकारच्या गोळ्यांनीं त्यांस पक्षाघाताचा धोका वाढतो.

तसेंच, डोकें एकाएकीं वीज पडल्यासारखें दुखणें, तापासह मान ताठणें, बोबडी वळणें, हातपाय लुळे पडणें, डोक्यास मार लागल्यानंतर दुखणें, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू होणें, किंवा गरोदरपणीं नव्यानें उठणें, ही अर्धशिशी समजून वही काढीत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या कुटुंबासहि हाच विकार तीस वर्षें होता. पुष्कळ स्त्रियांप्रमाणें पन्नाशीच्या सुमारास तो ओसरला. त्या तीस वर्षांत आमची पूजा अशीच चाले आणि नैवेद्य दीडासच होई. सुनेची वही पुरी झाली तेव्हां ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिनें मिटली, आणि आम्हांस विचारलें, “माझ्या वेळीं वह्या फार महाग होत्या कां हो?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं आज कोणी दार लोटून अंधारांत पडलें असेल, त्यांनीं मात्र वही आजच आणावी.