पत्रिकेची मागची बाजू

कोजागिरी आटोपली की वऱ्हाडात पत्रिकांचे दिवस येतात. काकड्याच्या, सप्त्याच्या, काल्याच्या पत्रिका. स्वस्तातला पिवळा नाहीतर गुलाबी कागद, वर विठ्ठल-रुक्मिणी, खाली तिथीवार कार्यक्रम आणि त्याच्याही खाली नावं. सगळ्यांत जास्त जागा नावांनाच लागते. कीर्तनकार, मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार, मग एकेका पंगतीचे अन्नदाते, मग 'विनीत' म्हणून मंडळाचे झाडून सगळे पदाधिकारी आणि कोणी रुसू नये म्हणून शेवटी 'समस्त गावकरी मंडळी'. तिवसा-कुऱ्हा भागातल्या अशा पत्रिका मी आवडीनं वाचते. गावात कोणाचं कोणाशी जमतं आणि कोण कोणापासून फुटून निघालं, हे नावांच्या क्रमावरून जितकं कळतं तितकं ग्रामसभेच्या इतिवृत्तातूनही कळत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पत्रिकेत सापडत नाही. पंगत कोणाच्या पैशानं, हे लिहिलेलं असतं. कोणाच्या हातानं, याचा पत्ता नसतो. आणि हे चक्क रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखात.

यंदा ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे सगळंच पुढं सरकलं. कार्तिकी पौर्णिमा थेट २४ नोव्हेंबरला आणि कौंडण्यपूरची दहीहंडी तिच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला. गेल्या साली ५ नोव्हेंबरलाच पौर्णिमा होती, तेव्हा कोणाचं सोयाबीन खळ्यावर तर कोणाचं अजून वावरात, दिंडीत माणसं जमवताना मंडळींचे हाल झाले. यंदा सोयाबीन विकून मोकळं झालेलं असेल, दिवाळीही मागं पडलेली असेल. कापसाची वेचणी तेवढी ऐन भरात राहील. म्हणजे पुरुष मोकळे आणि बाया वेचणीला, असा यंदाचा हिशेब दिसतो. तो कोणी मांडला नाही, कारण मांडायला बसतात ते मोकळे असतात.

कौंडण्यपूरचं महत्त्व वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर आपलं हे गाव, पलीकडे आर्वीचा मुलूख. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णानं रथात घेतलं ते देऊळ आमचंच, असं कौंडण्यपूरकर सांगतात. अमरावतीकर तोच मान गावातल्या अंबादेवीला देतात. हा वाद मिटू नये असं मला मनापासून वाटतं, दोन्हीकडे यात्रा भरते आणि दोन्हीकडच्या बांगडीवाल्यांचं पोट चालतं.

इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासूनची मानतात, सदाराम महाराजांनी सुरू केलेली. तुकोबांचा जन्मही तेव्हा व्हायचा होता. ज्येष्ठात निघायचं, अमरावतीत बियाणी चौकात स्वागत घ्यायचं आणि पायी पायी आषाढीला पंढरपूर गाठायचं. करोनाच्या काळात, २०२१ साली, राज्यातल्या ज्या दहा मानाच्या पालख्यांना एसटीनं जायची परवानगी मिळाली त्यांत ही होती. लेकीला माहेरची साडीचोळी पोचली पाहिजे, मग वाट पायाची असो की चाकाची.

कार्तिकात मात्र गंगा उलटी वाहते. श्रद्धा अशी की पौर्णिमेला खुद्द पांडुरंग पंढरपूर सोडून कौंडण्यपूरला येतो आणि अडीच दिवस मुक्कामी राहतो. म्हणजे जावई सासरवाडीला आला! अमरावती, वर्धा, यवतमाळकडच्या गावागावांतून दिंड्या निघतात त्या या जावयाच्या भेटीला. ज्यांना आषाढीत पेरणी सोडून पंढरपूर गाठता येत नाही, त्यांची वारी इथं पुरी होते. जावई अडीच दिवस मुक्कामाला म्हटल्यावर घरातल्या बायांचं काय होतं, हे ज्यांच्या घरी जावई उतरला असेल त्यांनाच विचारावं.

मी विचारलं ते आमच्या मावशीला. ती दिली कौंडण्यपूरला, आणि आमच्या गावची दिंडी पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच अंगणात उतरते. साठ-सत्तर माणसं, शिवाय वाटेत जोडली गेलेली. पौर्णिमेच्या रात्री रोडगे असतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, रोडगा हा घाईच्या माणसाचा पदार्थ नाही. गहू जाडाभरडा दळून आणायचा, कणीक चाळायची नाही. तेलाचं मोहन, मीठ, ओवा घालून घट्ट मळायची. मग हातावर छोटी पारी थापायची, तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा चार-पाच घड्या आत बसवून वरून शेवटच्या पारीनं तोंड बंद करायचं आणि गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे लाल झाले की त्यात हे गोळे पेरायचे आणि वरून राख ओढायची. मग राखेपाशी बसून राहायचं. एका अंगानं करपायच्या आत उलटवायचे, आणि कोणता शिजला हे डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळावं लागतं. शेवटी फडक्यानं राख झटकायची, मुठीनं फोडायचा, तुपात बुडवायचा, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. खाणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. मावशी चुलीपाशी बसते ती दुपारी चारला, आणि देवळातलं कीर्तन उभं राहतं तेव्हा तिचं अर्धंही झालेलं नसतं. इतक्या वर्षांत पौर्णिमेचं कीर्तन तिनं लाउडस्पीकरवरूनच ऐकलं आहे. ती तेही चवीनं ऐकते. महाराजांनी दृष्टांत लांबवला की इकडे म्हणते, "आता हे लवकर नाई आवरत, दुसरा घाणा लाव वं."

गेल्या साली तिच्या फडताळात मला एक जुनी पत्रिका सापडली. पुढच्या बाजूला नेहमीचा मजकूर. मागची बाजू कोरी असते, तिथं मावशीनं पेन्सिलीनं यादी केली होती. कणीक कोणाकडून किती पायल्या, तूरडाळ कोण देणार, वांगी कोणाच्या वाडीतली, गोवऱ्या कोणी आणायच्या, दोन मोठे गंज आणि कोपर कोणाकडून मागायचे, पाणी कोण भरणार, परत करताना गंजावर कोणाचं नाव घातलेलं आहे ते बघून द्यायचं. बारकं अक्षर, काही नावांवर काट. एका नावापुढे 'बाळंत', दुसऱ्यापुढे 'नाई येत, मनात राग'. मला तर तीच खरी कार्यक्रमपत्रिका वाटली. पुढच्या बाजूवरचे कीर्तनकार ऐनवेळी बदलले तरी उत्सव होतो, मागच्या बाजूवरची पाणी भरणारी आली नाही तर पंगत उठते.

असली मागची बाजू कोणी पुढं छापत असेल का? छापतात. नागपूरला दिलेली माझी शाळेतली एक मैत्रीण ख्रिस्ती आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. तिच्याकडे रविवारी गेले की मी उपासनेच्या वेळी वाटला जाणारा कागद मागून घेते. देवाच्या कामाच्या जोडीला त्यात सगळी घरकामं असतात. पुढच्या रविवारी शास्त्रवाचन कोण करणार, वेदीवर फुलं कोण ठेवणार, अर्पण कोण मोजणार, उपासनेनंतरचा चहा कोणाकडे, दवाखान्यात असलेल्यांना भेटायला कोण जाणार. चहावाल्या बाईचं नाव आणि प्रवचनकाराचं नाव एकाच टायपात. पुढचे कार्यक्रमही तिथंच: यंदा २९ नोव्हेंबरच्या रविवारी त्यांचा आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे आमचा काला झाल्यावर चारच दिवसांनी. मग नाताळपर्यंत गाण्यांच्या तालमी, घरोघर जाऊन गायची यादी, केकची वर्गणी, मुलांचं नाटक. योगायोग असा की या चर्चचा वाढदिवसही २९ नोव्हेंबरच. १९७० साली त्याच तारखेला नागपुरात सहा मंडळं एकत्र आली आणि हे चर्च झालं. इंग्रजांनी आणलेलं अँग्लिकन चर्च त्या सहांतलं एक.

पण म्हणून त्यांच्याकडे सगळं पहिल्यापासून सरळ होतं असं कोणी समजू नये. अँग्लिकनांचीच अमेरिकेतली शाखा म्हणजे एपिस्कोपल चर्च. तिथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या केक भाजले, विक्रीचे टेबल मांडले, वेदीची वस्त्रं धुतली, इस्त्री केली; आणि चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसायला मात्र त्यांना १९७० उजाडावं लागलं. बाईला धर्मगुरू होऊ द्यायचा ठराव आला १९७६ साली. चहा कोणाकडे हे छापणं सोपं, हिशेब कोणापुढं मांडायचा हे अवघड. मैत्रिणीच्या चर्चमध्ये वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवतात आणि बाया उठून प्रश्न विचारतात. ती मला हे सहज सांगते आणि मी आमच्या मंडळाची अशी सभा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. मावशी उठून विचारते आहे की मंडपावर एवढा खर्च आणि गोवऱ्या मात्र फुकट कशा?

लांब कशाला जा, मोझरी इथून हाकेच्या अंतरावर. आपल्याच तिवसा तालुक्यातलं गुरुकुंज. अश्विनातच तिथं राष्ट्रसंतांचा पुण्यतिथी महोत्सव असतो आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी, तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले त्या वेळेला, लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. महाराजांनी सामुदायिक प्रार्थना घालून दिली तीच मुळी सगळ्यांनी एकत्र बसायची, बायांनीही. ग्रामगीतेत 'महिलोन्नती' नावाचा अख्खा अध्याय आहे. आमच्या भागात ग्रामगीता घरोघरी आहे. पारायणंही होतात. तो अध्याय वाचून झाल्यावर चहा कोण आणतं, हे सांगायची गरज नाही.

आणि खुद्द पंढरपूर? तिथं रुक्मिणीच्या पूजेचा पिढीजात हक्क उत्पातांकडे होता. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडव्यांचे आणि उत्पातांचे हक्क संपले, त्याच साली मंदिर समितीनं पूजेसाठी अर्ज मागवले आणि त्यांत बायांचेही अर्ज आले. लेक सासरी इतकी पुढं गेली. माहेरच्यांनी निदान पत्रिकेचा कागद तरी थोडा खाली वाढवावा, एवढंच माझं म्हणणं.

तर हा प्रस्ताव मी आमच्या गावच्या मंडळापुढं ठेवला. 'विनीत'च्या खाली चार ओळी: स्वयंपाक, पाणी, भांडी, झाडलोट, आणि त्यांच्यापुढं नावं. विरोध कोणी केला नाही. वऱ्हाडात विरोध तोंडावर करत नाहीत. एकानं कागदाचा खर्च काढला, दुसऱ्यानं विचारलं की आमच्या घरच्यांचं नाव असं चारचौघांत छापायचं का. तिसरे जरा समजदार, ते म्हणाले, "ज्यायचं नाव राहीन त्या भांडतीन." ही अडचण खरी आहे. पण पुरुषांची नावं छापताना ही अडचण ज्यांना आजवर आडवी आली नाही, त्यांना आताच ती सुचावी याचं नवल वाटलं.

मग म्हटलं, मावशीलाच विचारावं. फोन लावला. काकड्याहून नुकतीच आली होती. काकड्याला ती नेमानं जाते. पहाटेच्या त्या तासाला कोणी जेवायला मागत नाही, म्हणून तो तिचा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव कायले छापतं वं माय? नाव छापलं का मंग पुढच्या साली सुट्टी नाई. आता कसं, पाठ दुखली तं मी म्हन्तो, यंदा सुनेले लावा. नाव कागदावर गेलं का मले काठी टेकत जा लागन."

एवढ्या वर्षांचा अनुभव बोलत होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मग काहीच छापायचं नाही का?

ती जरा थांबली. "छापाचंच असन तं एक छाप. आपापलं ताट आपून धुवाव. अन्‌ ते मोठ्या अक्षरात छाप, मानसायले चष्मा नसते दिंडीत."

मजकूर छापखान्यात देऊन झाला आहे. ओळ पत्रिकेत येणार, हे मंडळानं बिनविरोध मान्य केलं. 'विनीत'च्या वर घ्यायची की खाली, यावर अजून बैठका चालू आहेत.