एजंट ‘आपल्यातला’ नको, सरळ हवा

घर शोधणाऱ्या आपल्या प्रत्येक पोराला एक सल्ला हमखास मिळतो: "एजंट आपल्यातला बघ." मला हा सल्ला मान्य नाही. एजंट कुणाचा आहे हे नंतर बघा. तो सरळ उत्तर देतो का आणि कागद दाखवतो का, हे आधी बघा.

हा सल्ला का दिला जातो, हे मला कळतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि पुण्यात भाड्याची घरं शोधली आहेत. बजेट, कंपनी, कुटुंब सगळं विचारून होतं. मग नाव सांगितलं की फोनवरचा आवाज बदलतो. "माझं काही नाही सर, सोसायटी अलाऊ करत नाही." मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवून ठेवलं आहे.

पण राज्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने फक्त आगाऊ कळवायचं असतं. चांगल्या एजंटला हे माहीत असतं आणि तो ते मालकाला सांगतो. तो आपलं नाव आधी मालकाच्या कानावर घालतो, मगच फ्लॅट दाखवतो. नकार असेल तर तोही स्पष्ट सांगतो. चार रविवार फिरवत नाही.

एका एजंटने मला भाडेकरार ऑफिसमधल्या हिंदू मित्राच्या नावावर करायला सुचवलं होतं. त्याला ती मदत वाटत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर उद्या भांडण झाल्यावर त्या घरात आपण कोण? डिपॉझिट परत मागायचं कोणत्या कागदावर? असली मदत नको.

आता आपल्या माणसाकडे येऊ. बाहेरची दारं बंद झाली की आपण कोंढव्याला, मुंब्र्याला, नयानगरला जातो. आपल्याला दुसरीकडे जागा नाही, हे तिथल्या एजंटला पक्कं माहीत असतं. "भाई, भरोसा रखो, अपनाही काम है," म्हणत काही जण बांधकाम परवानगी नसलेल्या इमारतीतला फ्लॅट नोटरीच्या कागदावर गळ्यात मारतात. कागद मागितला तर त्यांना राग येतो आणि आपल्यालाच संकोच वाटतो. त्यातून व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज न घेणारे आपल्यात बरेच आहेत. म्हणजे बँकेचा वकील जे कागद तपासतो, तेही कुणी तपासत नाही. आयुष्यभराची बचत एका माणसाच्या शब्दावर जाते.

4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं मेली. बांधकाम चालू असतानाच तिच्यात माणसं राहायला आली होती. परवानगीचा कागद ही कटकट नाही, हे आपण तेव्हाच शिकायला हवं होतं.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. रेरा कायदा, 2016 च्या कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते. कलम 10 प्रमाणे, नोंदणी आवश्यक असूनही ती नसलेल्या प्रकल्पातलं घर त्याला विकता येत नाही आणि ग्राहकाला हक्काचे कागद मिळवून देणं त्याचं काम आहे. त्याचा नंबर महारेराच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. भाड्याच्या व्यवहाराला हा कायदा लागू नाही. तिथे आपला नोंदणीकृत करार हेच आपलं संरक्षण.

कुणी म्हणेल, इतकं विचारत बसलं तर घरच मिळणार नाही. कदाचित या महिन्यात नाही मिळणार. पण आपण विचारत नाही, म्हणूनच आपल्या वस्तीत कागद नसलेली घरं खपतात. आपल्यात प्रामाणिक एजंट आहेत आणि आपण विचारायला लागलो तर धंदा त्यांचाच वाढेल. आज ते त्या ‘भरोसा रखो’वाल्यांसमोर मागे पडतात, कारण आपण दोघांना एकाच मापाने मोजतो.

म्हणून घर विकत घेताना टोकन देण्याआधी चार गोष्टी मागा: एजंटचा आणि प्रकल्पाचा महारेरा नंबर, बांधकाम परवानगी, इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि जुन्या फ्लॅटचा इंडेक्स टू. दलाली किती आणि कधी द्यायची, हेही लिहून घ्या. "आपल्यात कसले कागद?" असं उत्तर आलं तर सलाम करा आणि टोकन खिशात ठेवून घरी या.