साक्षीदाराला आरोपी करू नका

नवऱ्याला विटलेल्या, संसाराच्या चाकोरीबाहेर पाऊल टाकणाऱ्या नायिकांच्या कादंबऱ्या सुशील घरात येऊ नयेत, असे मत देवळाच्या सभामंडपात बसून मांडणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे, हे मी मान्य करतो. परंतु शुद्ध हेतूने केलेली फिर्यादही पुराव्यावाचून टिकत नाही. शिवाय ही फिर्याद नवी नव्हे. ती एकदा खऱ्याखुऱ्या न्यायालयात चालली आहे.

फ्लोबेर ह्या फ्रेंच लेखकाची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ साली पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जानेवारी १८५७ मध्ये सार्वजनिक नीती व धर्म ह्यांचा अवमान केल्याच्या आरोपावरून लेखकाला न्यायालयात उभे केले गेले. सरकारी वकील पिनार ह्यांचा एक मुद्दा असा होता की, एम्मा बोव्हारीला मान खाली घालायला लावील असे एकही पात्र ह्या कादंबरीत नाही. ७ फेब्रुवारीला न्यायालयाने ताशेरे ओढून का होईना, लेखकाला निर्दोष सोडले.

पिनारसाहेबांचे निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष तेवढा चुकला. एम्माला दोष देण्याची ज्याची योग्यता आहे असा माणूस त्या गावात नव्हता, हीच तर लेखकाची साक्ष! त्या वेळचा कायदा पाहा. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेप्रमाणे पतीने रक्षण करावे आणि पत्नीने आज्ञा पाळावी. घटस्फोटाची तरतूद १८१६ साली रद्द झाली, ती १८८४ पर्यंत परत आली नाही. व्यभिचारी पत्नीला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. पतीने मात्र राहत्या घरातच रखेली ठेवली तर शिक्षा, आणि तीही केवळ दंडाची. दार बाहेरून बंद करायचे आणि आतल्या बाईने खिडकी फोडली म्हणून ओरडायचे, असा हा न्याय होता.

आता कादंबरीच वकिलाच्या नजरेने वाचा. एम्माला विषाकडे ढकलतो तो प्रियकरांइतकाच गावचा कापडव्यापारी. तो उधारीवर भारी वस्त्रे देतो, वचनचिठ्ठ्या बदलून बदलून व्याज चढवतो, पतीकडून मुखत्यारपत्र घेण्याची युक्ती सुचवतो. अखेर जप्ती दारात येते. अशी कागदपत्रे मी व्यवसायात पुष्कळ पाहिली आहेत. शेवटी पती खचून मरतो, अनाथ मुलगी सूतगिरणीत मजुरीला जाते, आणि ज्याच्या दुकानातले ते विष, त्या बडबड्या औषधविक्रेत्याला सरकारी सन्मानपदक मिळते. हे वाचून कोणा गृहिणीला एम्माच्या मार्गाने जाण्याचा मोह होईल, असे म्हणणाऱ्याने शेवटची पाने उलटली नसावीत.

टॉल्स्टॉयच्या ‘अ‍ॅना कारेनिना’त तर आमच्या व्यवसायाचीच साक्ष आहे. अ‍ॅनाचा पती घटस्फोटाच्या सल्ल्यासाठी ज्या वकिलाकडे जातो, तो पक्षकाराची व्यथा ऐकता ऐकता हवेतले पाखरू झडप घालून पकडतो. पक्षकाराच्या घराची राखरांगोळी होत असते, आणि वकीलसाहेबांना काळजी आपल्या गाद्यागिरद्यांना कसर लागण्याची! अ‍ॅनाला प्रियकरापासून झालेली मुलगीही कायद्याने पतीचीच गणली जाते. ह्यात बंडाची चिथावणी कोठे आहे? आहे ती बंडाची किंमत, पैन्‌पै मांडलेली.

दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही मी मोकळे सोडणार नाही. एम्माला स्वातंत्र्यदेवता करून मिरवणाऱ्यांनी ती पोटच्या मुलीला कशी दूर लोटते, भोळ्या नवऱ्याला कशी फसवते, हेही वाचावे. फ्लोबेरने ते लपवलेले नाही. खरा साक्षीदार कोणाच्याच पक्षाचा नसतो.

हे फ्रान्सचे नि रशियाचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पोर्तुगीज सरकारने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढी-रिवाजांची संहिता काढली. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही, किंवा तिसावे वर्ष पुरे होऊनही पुत्र झाला नाही, तर काही अटींवर पतीला दुसऱ्या विवाहाची मोकळीक तीत होती. पतीमुळेच कूस रिकामी राहिली असेल तर पत्नीला तशी मोकळीक नव्हती. त्या कलमाच्या आधाराने सवत उंबरठ्यावर आलेली बाई असमाधानी असणार नाही तर काय? तिची कथा कोणी जशीच्या तशी लिहिली, तर अश्लील काय ठरेल, कथा की ते कलम?

आणि महाभारताचे काय करणार? भर सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न शुद्ध कायद्याचा आहे: जो स्वतःलाच आधी हरला, त्याला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनाही त्याचा निर्णय देता आला नाही. व्यासांनी तो प्रश्न गाळला नाही, की विचारणाऱ्या पत्नीला उद्धट ठरवले नाही. आपल्या सभामंडपांतून पुराणिकबुवांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला, आणि त्यामुळे कोणाचा संसार मोडल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्यांना ही पुस्तके घरात नकोत, त्यांनी आधी घर तपासावे. तेथे कोणी निरुत्तर बसून आहे काय, हे पाहावे. साक्षीदाराला न्यायालयाबाहेर काढल्याने घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. फक्त निकाल चुकतो.