नदीची प्रकृती कशी ओळखावी?

जबलपूरला गेलेली मराठी कुटुंबे भेडाघाटचा धुवांधार पाहतात, ग्वारीघाटावर नर्मदास्नान करतात आणि डबाभर पाणी तीर्थ म्हणून घरी आणतात. पाणी नितळ दिसले की ते शुद्धच असणार, अशी आपली समजूत असते. पण नितळ पाणी निरोगी असतेच असे नाही.

नदीची प्रकृती तपासण्याचे निकष ठरलेले आहेत. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला हवा. घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे २,५०० हून अधिक नकोत. पहिल्या दोन मापांवर माशांचे जगणे अवलंबून असते, तर तिसऱ्यावर आपले आरोग्य. आणि हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत!

म्हणून नुसता घाट पाहून भागत नाही. नदीला काय येऊन मिळते, तेही पाहावे लागते. जबलपूरभोवतीच्या म्हशींच्या गोठ्यांतले शेण गौर आणि परियट या नद्यांत जाते, ही तेथील जुनी तक्रार आहे. गौर थेट नर्मदेला मिळते, तर परियट हिरन नदीमार्गे. शहरातली गोंडकालीन तळीही आक्रसली. राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडलेल्या राणीतालच्या जागी आज क्रीडासंकुल आहे, तर चेरीताल ही नुसती वस्ती उरली आहे. पावसाचे पाणी धरून ठेवणारी, गाळ निवू देणारी तळी गेली की शहराची सारी घाण नाल्यांतून सरळ नदीकडे धावते.

आपल्या गावच्या नदीची साधी पाहणी मुलांना घेऊन करता येते. उथळ, वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहा. त्याखाली तीन शेपट्यांचे इवले किडे असतील, तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे समजावे. गाळात फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत असतील, तर नदी आजारी आहे. पाहणीनंतर हात साबणाने धुवावेत. जे दिसले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. नगरपालिकेकडे तक्रार करताना ती वही उपयोगी पडेल.

मे २०१७ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला सजीव मानण्याचा ठराव केला. सजीव मानले, तर तिची नाडीही वेळोवेळी पाहायला हवी. तोपर्यंत तीर्थ देव्हाऱ्यात जरूर ठेवा, पण तान्ह्या बाळाच्या तोंडात घालू नका.