आम्हाला आमची खाष्ट सासू पाहिजे

चळवळीतल्या माणसानं टीव्ही बघू नये, असा एक अलिखित कायदा आहे आपल्यात. बघितलाच तर बातम्या बघाव्यात आणि बघून शिव्या द्याव्यात. 'मी मालिका बघतो' म्हटलं की अभ्यासवर्गातले लोक असं तोंड करतात, जणू काही मी बाटली लावून आलोय.

दोस्तहो, मी मालिका बघतो. पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली, बघतोय. डबा ब्लॅक अँड व्हाईट होता, त्याला लाकडी शटर होतं आणि अँटेना फिरवायला एक पोरगं कौलांवर बसवलेलं असायचं, तेव्हापासून. लपवायचं काय त्यात? आपल्या आया-बहिणी दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासून, हॉस्पिटलात लादी पुसून, नाहीतर ऑफिसात फायली उपसून घरी येतात. पीठ मळता मळता त्या जे बघतात त्याला 'फालतू' म्हणून मोकळी होणारी चळवळ आपल्याच अर्ध्या समाजाशी बोलणं तोडते. कवितासंग्रहाच्या हजार प्रती खपायला वर्षं लागतात. मालिका एका रात्रीत लाखो घरांत घुसते. तिथं कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हा राजकारणाचाच प्रश्न आहे.

म्हणून हिशेब मांडू. जुन्याचा आणि नव्याचाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. केंद्र वरळीला. त्याच वरळीत बीडीडी चाळी. पँथर जन्मली तीही १९७२ सालीच, आणि जानेवारी १९७४ मध्ये त्या चाळींत दंगल पेटली. मनोरा आणि चाळ एकाच वस्तीत. पण मनोऱ्यातून साऱ्या मुंबईला घर दिसायचं ते चिमणरावांचं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसलोय. आजही आठवलं की हसू येतं. विनोदाला जात नसते म्हणतात. विनोदाला नसेल, विनोद ज्या घरात घडतो त्या घराला असते. आमच्या घरात विनोद कमी होते काय? माझा एक चुलता दोन घोट पोटात गेले की गिरणीच्या मॅनेजरची अशी नक्कल करायचा की अख्खी चाळ दारात जमायची. त्या चुलत्याला कुठल्या केंद्रानं बोलावलं नाही.

पुढं १९८४ साली 'हम लोग' आली. मनोहर श्याम जोशींची लेखणी. दारुडा बाप, नोकरीसाठी वणवण करणारा पोरगा, लग्नाच्या वयाच्या पोरी. शेवटी अशोककुमार येऊन उपदेश करायचा. उपदेश आम्ही सोडून द्यायचो, भांडणं ठेवून घ्यायचो. कारण भांडणं खरी होती. पैशावरून होती.

आणि १९८६ साली 'नुक्कड'. सईद मिर्झा आणि कुंदन शाह. माझं मत विचाराल तर हिंदुस्थानी टीव्हीवर याच्यापेक्षा चांगली मालिका झाली नाही. गुरू वायरमन, हरी सायकलवाला, कादरभाईचं हॉटेल, करीम न्हावी, आणि कायम झुलत असलेला खोपडी. माणसं दिवसभर काहीतरी दुरुस्त करत असायची. कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या हाताला साबण. आजच्या मालिकेत कुणाच्या हाताला काही लागलेलं बघितलंय का तुम्ही? मेंदी सोडून? 'नुक्कड'चा एक दोष होता. त्या कोपऱ्यावर गरिबी होती, जात नव्हती. न्हावी होता, पण न्हावी असण्याचं दुखणं नव्हतं. तरी तो कोपरा ओळखीचा वाटायचा. आम्ही त्यात आपापली आडनावं भरून घेतली.

आता जिथं जात उघड होती ते बघू. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला, प्रेमचंदांच्या कथेवरून. चांभार दुखी पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. पंडित त्याचं प्रेत दोरी बांधून ओढत नेतो. दुखी म्हणजे ओम पुरी, त्याची बायको स्मिता पाटील. मग १९८८ साली गोविंद निहलानींचा 'तमस', भीष्म साहनींच्या कादंबरीवरून. तिथंही सुरुवातीलाच चांभार, नथू. त्याला फसवून डुक्कर मारायला लावतात, ते मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर टाकतात आणि शहर पेटतं. नथू म्हणजे पुन्हा ओम पुरी. दोन्ही कामं अव्वल. त्या 'तमस'वर बंदी आणा म्हणून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि कोर्टानं नकार दिला. इतकी ताकद होती त्या डब्यात.

पण बघा, दोन्हीकडं आपण कोण? एकीकडं प्रेत, दुसरीकडं हत्यार. दुसऱ्याच्या पापाचा पुरावा म्हणून आपली नेमणूक. दया येते, संताप येतो, डोळे भरतात. पण दुखी कधी हसत असेल का? नथूचं आपल्या सासऱ्याशी पटत होतं का? ते कुणी विचारायचं? शोषण दाखवलं म्हणून आभार. पण माणूस चोवीस तास शोषित नसतो, दोस्तहो. मधल्या वेळात तो नाकात बोट घालतो, पत्ते खेळतो, बायकोच्या भावाशी भांडतो.

एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण तो आपलेच लोक विसरलेत. शांताबाई कांबळे यांच्या 'माझ्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथेवर १९९० साली मुंबई दूरदर्शननं 'नाजुका' ही मालिका दाखवली. दलित बाईनं स्वतः लिहिलेलं तिचं स्वतःचं आयुष्य! सरकारी, सुस्त, बाबूंच्या त्या दूरदर्शननं हे केलं. त्यानंतर आलेल्या चकचकीत खाजगी वाहिन्यांना विचारा, दलित बाईच्या आत्मकथेवरची तुमची मालिका कोणती? आपल्या बायकांच्या आत्मकथांनी कपाट भरलंय. नाव सांगा एक.

आता 'रामायण'. रामानंद सागर यांची ही मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ चालली. रविवारी सकाळी रस्ते ओस, डब्याला हार. आपल्यातले विद्वान यावर भरपूर लिहून गेलेत. पण एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. मालिका राज्याभिषेकावर संपली. उत्तरकांड नाही, म्हणजे वाल्मीकीच्या आश्रमातली सीता नाही, लव-कुश नाहीत. तेव्हा पंजाबात जालंधरला वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. आमच्या वाल्मीकीला दाखवा, मालिका पुढं चालवा, नाहीतर कचरा उचलणार नाही! संप उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. कचऱ्याचे ढीग लागले आणि सरकारनं पुढचे भाग मंजूर केले. 'लव कुश' ही मालिका आली ती अशी.

हसू नका. "बघा, टीव्हीसाठी संप केला येड्यांनी" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मलाही तो राम नको, ते रामराज्य तर नकोच. आणि हेही खरं, की पडद्यावर वाल्मीकी आला तरी हातातला झाडू सुटला नाही. पण त्या संपाचं मर्म ओळखा. 'ही कथा आमच्या माणसानं लिहिली आणि तुम्ही त्यालाच कापता?' हा प्रश्न कुठल्या समीक्षकानं विचारला नाही, तो झाडूवाल्यानं विचारला. नुसता विचारून थांबला नाही, किंमत वसूल केली. टीव्ही कुणाच्या बापाचा नाही, हे देशात पहिल्यांदा त्यांनी दाखवून दिलं.

त्यानंतर खाजगी वाहिन्यांचं युग आलं. १९९९ पासून मराठीतही. मी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' एक भाग न चुकवता बघितली, मला ती आवडते, त्याची लाज वाटत नाही. पण एकदा वही घेऊन बसा आणि मराठी मालिकांतली आडनावं लिहून काढा. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये गोखले आणि सहस्रबुद्धे. 'तुला पाहते रे'मध्ये सरंजामे आणि निमकर. 'माझ्या नवऱ्याची बायको'त सुभेदार. 'अग्गंबाई सासूबाई'त कुलकर्णी. 'आई कुठे काय करते'मध्ये देशमुख. 'तुझ्यात जीव रंगला'तला राणादा गायकवाड. आडनाव ऐकून क्षणभर बरं वाटतं, आपल्यातही गायकवाड आहेत. पण राणादाचा वाडा बघितला, शेतीवाडी बघितली, की कळतं हा गायकवाड कुठला ते. आणि या सगळ्या घरांतून चहाचा ट्रे घेऊन फिरणारी जी बाई असते, तिला आडनावच नसतं. मंदा. सखू. बस्स.

मी म्हणत नाही की गोखल्यांची मालिका बंद करा. गोखल्यांनी खुशाल भांडावं. पण महाराष्ट्रात फक्त यांच्याच घरात सासू-सून आहे काय? आमच्या सासवा काय मवाळ आहेत?

आपण या पडद्यावर येतो ते एकदम महामानव होऊन. १८ मे २०१९ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली, सागर देशमुखनं काम केलं, ऑक्टोबर २०२० पर्यंत चालली. ज्या घरांत बाबासाहेबांचा फोटो कधी लागला नाही त्या घरांत बाबासाहेब रोज बोलायला लागले, ही छोटी गोष्ट नाही. आदर्श शिंदेच्या आवाजातलं तिचं शीर्षकगीत आता चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजतं. माझी कुरकुर एवढीच, की बाबासाहेब वाद घालायला लागले की मागं ढॅण ढॅण संगीत सुरू व्हायचं. अरे, त्या माणसाचं वाक्यच पुरेसं आहे! श्याम बेनेगलनी २०१४ साली राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' केली, दहा भागांची, सचिन खेडेकर बाबासाहेब. तिथं माणसं बसून नुसती बोलतात, कलमांवर भांडतात, आणि तरी उठावंसं वाटत नाही.

मग 'सावित्रीजोती'. जानेवारी २०२० मध्ये सुरू, डिसेंबर २०२० मध्ये बंद. कथा अर्ध्या वाटेवर असताना. कारण? टीआरपी नाही. हा टीआरपी मोजतात कसा, ते समजून घ्या. कोट्यवधी घरांपैकी काही हजार घरांत मीटर. घरांची प्रतवारी तेव्हा दोन गोष्टींवरून व्हायची. एक, घरातला मुख्य कमावता किती शिकलाय. दोन, ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, मोटार... आणि त्या अकरांत एक होती स्वतःची शेतजमीन! म्हणजे ज्यांना शिकू दिलं नाही आणि जमीन धरू दिली नाही, त्यांची पसंती खालच्या प्रतीत. जाहिरातवाला पैसे लावतो ते वरच्या प्रतीवर. मनूला जे श्लोकात सांगावं लागलं ते यांनी तक्त्यात बसवलं.

पण थांबा, सगळं मीटरवर ढकलून सुटका नाही. मालिका बंद होणार म्हटल्यावर आपल्या फोनांवर हळहळ किती वाहिली! 'जोतिबांना बंद करणारे हे कोण', वगैरे. माझा सवाल आहे : ती चालू असताना आपल्या वस्तीतल्या किती घरांत ती लागत होती? जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू ठेवला होता. आपण अंगठा उचलून दाखवला. तोसुद्धा फोनवर.

ओटीटीवर अलीकडं हवा बदललीय म्हणतात. थोडी बदललीय. 'दहाड'मधली (२०२३) फौजदारीण अंजली भाटी. बापानं मेघवाल आडनाव टाकून भाटी लावलेलं. ती शेजारून गेली की ठाण्यातला एक जण उदबत्ती पेटवतो. एवढ्याशा धुरात सगळं सांगितलं. त्याच वर्षी 'मेड इन हेवन'मध्ये नीरज घेवाननं दलित नवरीचं लग्न दाखवलं, बौद्ध पद्धतीनं, निळ्या उपरण्यांसकट. राधिका आपटेचं काम. बघताना मी उठून उभा राहिलो, खोटं नाही. पण हे सगळं महिन्याचे पैसे भरणाऱ्यांसाठी. आणि तिथंही आपली बाई एक तर अमेरिकेत प्रोफेसर, नाहीतर बंदूकवाली. लायकी सिद्ध करून मगच आत. नालायक गोखल्याला मालिका मिळते. नालायक कांबळ्याला कधी मिळणार?

माझी मागणी सरळ आहे. आम्हाला आमची खाष्ट सासू पाहिजे. नाव हौसाबाई जाधव. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली कपाट, कपाटाची किल्ली कमरेला. महिला मंडळाची अध्यक्षा. वंदनेला सगळ्यांत पुढं, आणि घरी आली की सुनेच्या पगाराचा हिशेब मागणार. सून रेल्वेत, तिखट जिभेची. मुलगा दोघींच्या मध्ये चेपलेला. धाकटा स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली नुसता हिंडणारा. चाळ पाडून टॉवर होणार म्हणून भावाभावांत भांडण, कारण खोली एक आणि वारस चार. यात अत्याचार नाही, महामानव नाही, प्रेत नाही. पण जात आहे. खोली भाड्यानं बघायला गेल्यावर आहे, ऑफिसच्या डब्यात आहे, सुनेच्या माहेरच्या पोटजातीत तर आहेच आहे. दोनशे भाग आरामात निघतील.

लिहिणारे आहेत आपल्याकडं. कवितेत रक्त आटवतात, एकांकिका स्पर्धांतून बक्षिसं आणतात. त्यांना माझं सांगणं : मालिकेला कमी लेखू नका. पहिले वीस भाग लिहा. वाहिनी घेत नसेल तर फोनवर चित्रित करा, विहारात चादर बांधून दाखवा, आयाबायांना पुढं बसवा. त्या जिथं हसतील तिथं खूण करा, त्या जिथं उठून भाजी बघायला जातील तो भाग फाडून टाका. त्यांच्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही. पंचेचाळीस वर्षं त्याही बघतायत.