अंगावर पुरळ उठलं की आशाताईला कळवा

बाळाला ताप येतो, तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून लाल पुरळ उतरू लागतं आणि आजी म्हणते, "गोवर निघालाय, दवाखाना नको, आपोआप जाईल." दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. आजी, डहाळा खुशाल लावा. पण त्याच दिवशी आशाताईलाही निरोप धाडा.

गोवर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत दुसऱ्यांना लागतो. आपल्याला उमगेपर्यंत तो शेजारी पोचलेला असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर असाच पसरला, मुलं दगावली.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर आठवड्याला अहवाल वर जातो. एकही रुग्ण नसला तरी जातो, शून्य लिहून. ते शून्य खरं आहे का, हे तुमच्या निरोपावर ठरतं. निरोप मिळाला की रक्ताचा नमुना घेतात, बाळाला लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात आणि आसपासच्या घरांत कुणाची लस राहिली आहे ते पाहतात. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. डोस चुकलाय, आता सिस्टर रागावतील, म्हणून कित्येक आया गप्प बसतात. ताई, रागावल्या तर ऐकून घ्या, पण लपवू नका. लस झालेल्या मुलाला पुरळ आलं तरीही कळवा.

दुसरी खूण याहून नाजूक. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर "खेळताना पडला असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. त्याला पोलिओच झालाय असं कुणी म्हणत नाही. तो नाही ना, एवढंच पाहायचं असतं. त्यासाठी शौचाचे दोन नमुने लागतात, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. उशीर झाला की नमुन्याचा भरवसा कमी होतो. देशातला मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. तेव्हापासून आपण निर्धास्त आहोत ते अशाच तपासण्यांच्या जोरावर.

घशात राखाडी पापुद्रा दिसून मान सुजली, तर घटसर्प असू शकतो. तिथे निरोपाची वाट पाहू नका, मूल उचला आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

खासगी डॉक्टरकडे गेलात, तरी निघताना एवढं विचारा: "डॉक्टर, केंद्रावर कळवलंत ना?"